पॉप टॉलिव्हर आणि कर्नलचा पाय

लुईव्हिल पायलट्स या बास्केटबॉल संघात मी चार मोसम होतो, आणि त्या चार मोसमांत बाकाची जेवढी सेवा मी केली तेवढी तो बनवणाऱ्या सुतारानंही केली नसेल. तेव्हा माझ्या खेळाच्या गोष्टी ऐकायला कुणी बसलं असेल तर त्यानं आत्ताच उठावं. मला सांगायचंय ते अँब्रोझ टॉलिव्हर यांच्याबद्दल. आम्ही त्यांना पॉप म्हणायचो. उंची पाच फूट चार इंच. आमच्यात उभे राहिले की त्यांचं डोकं आमच्या बरगडीला लागायचं, आणि तरी खोलीत सगळ्यांत मोठा माणूस कोण असं विचारलं असतं तर बाराच्या बारा जणांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं असतं.

पॉपचं काम एकच. सामन्याआधी आमच्या घोट्यांना चिकटपट्टी बांधायची. ऐकायला किरकोळ वाटतं. पण साडेसहा फुटांचा माणूस उडी मारून दुसऱ्याच्या बुटावर उतरला की त्याचा घोटा आणि त्याचं घर दोन्ही त्या पट्टीवर उभं असतं. पॉप एका घोट्याला दोन मिनिटं घ्यायचे. टाचेखालून, वरून, आडवी, परत टाचेखालून. सुरकुती एक नाही. इतर संघांचे लोक यायचे, बघायचे, विचारायचे, "हे शिकलात कुठे?" पॉप म्हणायचे, "जे तक्रार करत नाहीत त्यांच्याकडे."

म्हणजे घोड्यांकडे. पॉपचा जन्म लेक्सिंग्टनजवळच्या प्रेदरांच्या घोड्यांच्या फार्मवर, मोतद्दारांच्या चाळीत झाला. त्यांचे वडील तिथेच मोतद्दार, आजोबा तिथेच. पॉपनी एकतीस वर्षं तिथे घोड्यांचे पाय बांधले. त्यांनी शिंगरापासून वाढवलेली एक घोडी मोठी शर्यत जिंकली, तिचा फोटो आमच्या मालकाच्या ऑफिसात होता. फुलांनी मढलेली घोडी, शेजारी करंडक घेतलेला मालक, आणि कडेला घोडीचा लगाम धरलेलं एक काळं मनगट. बाकीचे पॉप चौकटीच्या बाहेर गेले होते.

मालक म्हणजे कर्नल ब्रॅडशॉ प्रेदर. कर्नल नावाचाच. आमच्या केंटकीत गव्हर्नरानं एक कागद दिला की माणूस कर्नल होतो. या माणसानं लढाई पाहिली असेल तर ती मेजवानीत हॅमच्या ताटाभोवतीची. त्यानं आमचा संघ विकत घेतला त्या वर्षी आधीचा पट्टी बांधणारा सोडून गेला. कर्नलनं तबेल्यात पॉपना एका घोडीचा पाय बांधताना पाहिलं आणि म्हणाला, "पाय तो पाय." आठवडाभरात पॉप लुईव्हिलला. येतोस का असं कुणी विचारलं नाही. त्यांची बायको व्हर्लीन मात्र खूश झाली. शहरातल्या वेस्ट एंड वस्तीत घर मिळालं, चर्च कोपऱ्यावर आलं, आणि दर शुक्रवारी ती आमच्यासाठी केळ्याचं पुडिंग पाठवू लागली. ते मी बाकावर बसूनही पचवायचो.

तर पॉप आले, आणि येताना एक सवय घेऊन आले. घोड्यानं पाय उचलावा म्हणून मोतद्दार पोटरीमागे दोन बोटं टेकवतो आणि जिभेनं दोनदा टक् टक् करतो. टेबलावर आम्ही पाय लांब करून बसलो की पॉप नकळत तेच करायचे. दोन बोटं, टक् टक्, की टाच वर घ्यायची, पट्टी खालून जायची. पहिल्या दिवशी मी चिडलो होतो.

"पॉप, मी काय घोडा आहे?"

"घोडा असतास तर एव्हाना खेळायला घेतलं असतं," पॉप म्हणाले.

खोली हसली, मी हसलो, आणि टाच वर घेतली. महिन्याभरात मला कळेनासं झालं की ती मी घेतो का ती आपली आपणच जाते. आम्हाला ते टक् टक् आवडायचं. घाबरलेल्या पोटाला त्यानं बरं वाटायचं.

आमची आणखी एक रीत होती, ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. खोलीत आमचं कोर्ट भरायचं. न्यायाधीश कॅप्टन कॉर्नेलियस बॅस, सहा फूट अकरा इंच, डोक्यावर फरशी पुसायचा मॉप, खुर्ची म्हणजे बर्फाची पेटी. पट्टेवाला डेनी क्रुप, इंडियानाचा मक्याच्या शेतातला गोरा पोरगा, पत्र्याची बादली बडवायचा. गुन्हे म्हणजे दुसऱ्याचा साबण वापरणं, अंघोळीत बेसूर गाणं. शिक्षा म्हणजे सगळ्यांचे ओले टॉवेल घडी करणं, नाहीतर विमानात व्हर्लीनची फुलाफुलांची हॅट घालून बसणं. कायदे दोनच. खोलीत जो उभा आहे तो कोर्टाच्या हाताखाली. आणि कोर्ट एकदा बसलं की निकाल लागेपर्यंत कुणीही खोली सोडायची नाही. या दुसऱ्या कायद्यापायी आमचं एक विमान चुकलं होतं, पण कायदा मोडला नव्हता.

आता तो शुक्रवार. एप्रिलचा शेवट, डर्बीच्या शर्यतीच्या आधीचा आठवडा, गावात पैसेवाले पाहुणे खच्चून भरलेले. आणि बाद फेरीत एकाच संघाशी आमचा सातवा सामना. तीन त्यांनी जिंकले, तीन आम्ही. आज जो जिंकेल तो पुढे, जो हरेल तो घरी. हॉल दुपारपासून भरत होता. वर लोक पाय आपटत होते ते खाली आमच्या खोलीत छतातून ऐकू यायचं, आणि माझ्या हातापायाला मुंग्या येत होत्या. मला खेळायला मिळणार नव्हतं हे मला माहीत होतं. तरी मुंग्या येत होत्या.

सामन्याला पंचावन्न मिनिटं होती. मी टेबलावर होतो. पॉपनी माझा उजवा घोटा संपवला होता आणि नवी पट्टी आणायला ते कपाटाकडे वळले होते. तेवढ्यात दार उघडलं आणि कर्नल सात-आठ पाहुण्यांना घेऊन आत आला.

हे नवीन नव्हतं. सामन्याआधी तो पाहुण्यांना आमचं दर्शन घडवायचाच. आम्ही कुणी टॉवेलात, कुणी त्याच्याशिवाय. तो आम्हा काळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, "याचा बाप मिसिसिपीत रेल्वेचे रूळ उचलायचा. हाडं बघा." माझ्या आईची उंचीसुद्धा त्याला पाठ होती. अशा वेळी आम्ही छताकडे बघायचो. करारच असे होते त्या काळी, मालक ठेवेल तोवर त्याचे, नाहीतर विकेल त्याचे. छतावर पाण्याचा एक डाग होता, त्याचा आकार मी आजही काढून दाखवीन.

त्या दिवशी कर्नल माझ्यापाशी थांबला. "हा युबँक्स," तो म्हणाला, "फार खेळत नाही, पण शिकवलेला कसा आहे बघा." त्यानं माझ्या डाव्या पोटरीमागे दोन बोटं टेकवली आणि जिभेनं केलं टक् टक्.

माझा पाय वर गेला.

मी उचलला नाही. तो गेला. पाहुणे हसले. वाईट नाही, कौतुकानं हसले, आणि तेच जास्त लागलं. निळी हॅट घातलेली एक बाई म्हणाली, "किती गुणी आहे." माझा पाय तसाच हवेत. खाली घ्यावा तर आज्ञा मोडल्यासारखं, वर ठेवावा तर पाळल्यासारखं. सत्तावीस वर्षांचा माणूस मी, घरी दोन मुलं, आणि स्वतःच्या पायाचं काय करावं हे मला सुचेना. असा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता, नंतरही नाही.

पॉप कपाटापाशी उभे होते. त्यांच्या हातातली पट्टी खाली पडली आणि गडगडत माझ्या टेबलाखाली आली. ते चालत आले, कर्नल आणि माझ्या पायाच्या मध्ये उभे राहिले.

"साहेब, पाहुण्यांना बाहेर न्या."

"काय म्हणालास, अँब्रोझ?"

"सामना संपेपर्यंत ही खोली बंद आहे, साहेब."

कर्नल हसला. "खोली कुणाची आहे?"

"तुमचीच. दार मात्र मी लावणार आहे."

पाहुण्यांना काहीतरी बिघडलंय हे कळलं. निळी हॅट आधी निघाली. सगळे गेल्यावर कर्नल दारात वळला, आवाज न चढवता म्हणाला, "आज सगळ्यांना बांधून झालं की किल्ल्या ऑफिसात ठेव. तुझं इथलं काम संपलं. तबेल्यातही येऊ नकोस." आणि गेला. त्या एका वाक्यात पॉपचं, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, सगळ्यांचं काम संपलं होतं.

पॉपनी वाकून पट्टी उचलली. "चल, डावा पाय," ते मला म्हणाले. दोन बोटं पुढे आली आणि माझ्या पोटरीपाशी येऊन थांबली. टेकलीच नाहीत.

"हे मी शिकवलं तुला," ते म्हणाले. "साहेबांची काय चूक. घोडा मोतद्दारानं तयार करायचा आणि मालकानं चालवून दाखवायचा, हेच चालत आलंय. मी तुम्हाला तयार केलं."

"पॉप, काहीतरीच काय बोलता," मी म्हणालो.

तेवढ्यात कोपऱ्यातून कॅप्टन कॉर्नेलियसचा आवाज आला. "गुन्हा कबूल केलाय. क्रुप, बादली."

क्रुपनं त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. अठ्ठेचाळीस मिनिटं. मग बादली उलटी केली आणि बडवली. कॅप्टननं मॉप डोक्यावर चढवला आणि तो बर्फाच्या पेटीवर बसला. कुणी हसलं नाही. कोर्ट बसलं होतं, आणि आता निकाल लागेपर्यंत कुणी खोली सोडणार नव्हतं. हे ज्या क्षणी आम्हा सगळ्यांना एकदम कळलं तो क्षण मला आठवतो. वर हजारो लोक पाय आपटत होते आणि खाली आम्ही बारा जण आणि एक म्हातारा, आणि दाराची कडी आतून.

"अँब्रोझ टॉलिव्हर," कॅप्टन म्हणाला, "आरोप असा की तुम्ही तीन वर्षं मोठ्या माणसांना टक् टक् केलंत. बचावात काही म्हणायचंय?"

"ज्यांना हो-नाही म्हणता येत नाही त्यांच्यात आयुष्य गेलं," पॉप म्हणाले. "सवय लागली. बचाव नाही."

"गुन्हा सिद्ध. शिक्षा अशी की आजपासून पट्टी बांधताना प्रत्येकाला नावानं हाक मारायची, मिस्टर लावून, आणि पाय मागायचा."

"मिस्टर कशाला?" पॉप कुरकुरले. "हा क्रुप अजून दात घासत नाही."

"मिस्टर क्रुप," क्रुप म्हणाला. तेव्हा मात्र हसू फुटलं.

"पण शिक्षा भोगायला आरोपी इथे असायला हवा," कॅप्टन म्हणाला, "आणि त्याला तर काढून टाकलंय. म्हणजे निकाल अमलात येत नाही. म्हणजे कोर्ट उठत नाही." त्यानं कात्री घेतली, स्वतःच्या घोट्यावरची नवी कोरी पट्टी चर्रकन कापली आणि जमिनीवर टाकली. "दुसऱ्या आरोपीला बोलवा."

मग एकामागून एक. कात्रीचा तो आवाज. क्रुपनंही कापली. "तुझं काय रे मध्येच?" कुणीतरी विचारलं. क्रुप म्हणाला, "सहा महिने झाले, माझ्या बापाची हाडं त्यानं एकदाही कुणाला सांगितली नाहीत. माझाही राग आहे."

कोचनं बाहेरून दार ठोठावलं. मी कडी काढून त्याला सांगितलं की कोर्ट बसलंय आणि कर्नलला हजर व्हायचंय, एकट्याला. कोच आमच्या उघड्या, सुट्या घोट्यांकडे बघत राहिला. मग तो पळाला. सबंध मोसमात त्याला इतकं जोरात पळताना मी पाहिलं नव्हतं.

कर्नल आला तेव्हा एकवीस मिनिटं उरली होती. मानेपर्यंत लाल. मी त्याच्यामागे कडी लावली.

"हा काय पोरखेळ चाललाय?"

"खोलीत जो उभा आहे तो कोर्टाच्या हाताखाली," क्रुप म्हणाला आणि बादलीवर एकच टोला दिला.

"हा संघ माझा आहे," कर्नल म्हणाला. "हा हॉल मी भाड्यानं घेतलाय. तुमच्या अंगावरचे कपडे, तुमचे बूटसुद्धा माझे आहेत."

कॅप्टन उठला. सहा फूट अकरा, वर मॉप. त्यानं जर्सी काढली, घडी केली, कर्नलसमोर जमिनीवर ठेवली. तिच्यावर बूट ठेवले. मग मी ठेवले. मग बाकीच्यांनी. बघता बघता ढीग झाला, आणि त्याच्या पलीकडे कर्नल सुटात उभा, अलीकडे आम्ही चड्डीवर.

"तुमचं होतं ते दिलं," कॅप्टन म्हणाला. "आता या खोलीत आणखी काय तुमचं दिसतं ते सांगा. तेही देतो."

कर्नलनं आमच्याकडे पाहिलं. पाहुण्यांसोबत येऊन तो आम्हाला शंभरदा न्याहाळून गेला होता, पण त्या दिवशी त्याला कुठे बघावं कळेना. अखेर त्यानंच छताकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, डाग आहे तिथे, बघ.

वर लोकांनी ताल धरला होता. टीव्हीवाले आले होते. निळी हॅट आणि मंडळी पहिल्या रांगेत बसून मालकाची वाट बघत होती. हे सगळं त्याला आमच्याइतकंच ऐकू येत होतं.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"पॉपच्या किल्ल्या पॉपच्या खिशात राहतील. हे दार ते उघडतील तेव्हा उघडेल. आणि कोर्टाची शिक्षा."

"कसली शिक्षा?"

कॅप्टननं टेबलाकडे बोट केलं. "बसा."

तो बसला. का बसला हे मी पुष्कळ वर्षं विचार करूनही नक्की सांगू शकत नाही. नाही बसला तर काय काय जाईल याचा अंदाज घेऊनच बसला असेल, तो धंदेवाला माणूस होता. त्यानं स्वतःच बुटाची नाडी सोडली, मोजा काढला. बारीक, फिकट पाय, करंगळीवर भोवरी. पॉप पट्टी घेऊन समोर उभे राहिले.

खरं सांगतो, मला ते टक् टक् हवं होतं. एकदाच. आयुष्यात मला दुसरं काही इतकं हवं नव्हतं, मैदानावर उतरणंसुद्धा नाही. कर्नललाही तेच येणार असं वाटत होतं. त्यानं जबडा आवळून धरला होता.

पॉपनी दोन्ही हात स्वतःपाशीच ठेवले. "मिस्टर प्रेदर," ते म्हणाले, "तुमचा पाय देता का?"

कर्नलचा जबडा सुटला. टक् टक् ऐकलं असतं तर तो चिडला असता, चिडायची त्याची तयारी होती. याची नव्हती. तो कितीतरी वेळ स्वतःच्या पायाकडे बघत राहिला आणि मग त्यानं टाच उचलली. पॉपनी पट्टी बांधली, आम्हाला बांधायचे तशीच, एक सुरकुती नाही.

"थँक यू, अँब्रोझ."

"कोर्टाला ऐकू आलं नाही," कॅप्टन म्हणाला.

"थँक यू," कर्नल म्हणाला, आणि मग जरा वेळानं, "मिस्टर टॉलिव्हर."

क्रुपनं बादली वाजवली. कर्नल एका पायात बूट, एक हातात असा बाहेर गेला.

पुढचं सगळं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवट मला हवा तिथे करता येईल. सामना आम्ही तीन गुणांनी जिंकलो. मी बाकावरच होतो, पण ओरडून ओरडून माझा घसा आठवडाभर बसला. पुढच्या फेरीत हरलो. सप्टेंबरात कर्नलनं कॅप्टन कॉर्नेलियसला उत्तरेच्या एका थंडगार गावात विकला, एका फोनवर. तेवढी ताकद त्याच्याकडे राहिलीच होती, आणि आम्हाला ते कळत नव्हतं असं कुणी समजू नये. जाताना कॅप्टन मॉप मला देऊन गेला. पॉपच्या किल्ल्यांना मात्र पुन्हा कुणी हात लावला नाही. त्यानंतर अकरा वर्षं ते त्या टेबलाशी उभे राहिले, आणि तितकी वर्षं सामन्याआधी त्या दारातून एकही पाहुणा आत आला नाही. ते वारले तेव्हा व्हर्लीननं शवपेटीत त्यांच्या हाताशी पट्टीचा एक रोल ठेवला.

आता परत त्या खोलीत. सोळा मिनिटं. बारा जण, चोवीस घोटे, सगळे उघडे. एवढ्या वेळात ते होणं शक्य नव्हतं, आणि पॉप ते करणार होते. आम्ही कपडे चढवत होतो, एकमेकांचे बूट शोधत होतो, क्रुप कुणाची तरी जर्सी उलटी घालून फिरत होता. पॉपनी बाह्या सरसावल्या, टेबल पुसलं आणि पाहिलं तर माझ्याकडे. आधी खेळणाऱ्यांना घ्या, मी म्हणालो. माझं काय, मी बसूनच असतो. त्यांनी मान हलवली. मी टेबलावर बसलो, पाय लांब केले.

त्यांची दोन बोटं हवेतच राहिली.

"मिस्टर युबँक्स," पॉप म्हणाले, "तुमचा पाय देता का?"

मी लगेच उचलला नाही. वर लोक गरजत होते, घड्याळ पळत होतं, अकरा जण रांगेत खोळंबले होते. पॉप पट्टी हातात धरून थांबले. हा पाय कुणाचा आहे हे मला एकदा नीट बघून घ्यायचं होतं, आणि घाई कर असं मला कुणी म्हटलं नाही.

मग मी दिला.